चपलांपाशी बसलेला पैलवान

मुखवटा घालून सुरा घेऊन फिरणाऱ्या खुन्याचा तो गाजलेला भयपट फालतू आहे, असं मी तीस वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी तो पाहिलाच नव्हता. सुरुवातीची वीस मिनिटं पाहिली, तीही बोटांच्या फटीतून.

तेव्हा रविवारी दुपारी गल्लीत भाड्यानं व्हीसीआर आणायचे. समोरच्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, सगळी गल्ली अंधार करून दाटीवाटीनं बसायची; कोण आत, कोण बाहेर, कळायचं नाही. मी तालमीत जाणारा, म्हणून छाती काढून पुढं बसलो होतो. शेजारी धाकटी बहीण. मुखवटेवाला पहिल्यांदा दिसला आणि मी उठलो. "चपला चोरीला जात्यात, राखतो," म्हणालो, आणि पिक्चर संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिलो.

संध्याकाळी तालमीत विचारलं, "काय पैलवान, भ्यालास व्हय?"

"छ्या! फालतू पिक्चर. भण रडाय लागली, तिला घिऊन भाईर बसलो."

बहीण शेवटपर्यंत आत होती. घरी तिनं खरं सांगितलं, तर वडील हसले. तालमीतलं पोर कसं भिईल? लग्न होईपर्यंत गल्लीत ती 'भित्री'च राहिली. आणि मी पैलवान.

परवा रविवारी कसबा बावड्याला तिच्याकडं जेवायला गेलो होतो. कॉलेजात जाणारी भाची म्हणाली, "मामा, आई म्हणती तो मुखवटेवाल्याचा पिक्चर लई भारी. रक्तसुद्धा धड दिसत न्हाय म्हणं त्यात! तू तर फालतू म्हणतोस, मग तूच सांग. आई तर रडलीवती की."

बहीण भाकरी वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही. इतक्या वर्षांत तिला याची सवय झाली होती, हेच मला सहन झालं नाही.

"मी बघितलाच न्हाय," मी म्हणालो. "भिऊन पळालो, चपलांपाशी बसलो. तुझी आई शेवटपर्यंत आत बसलीवती. रडली न्हाय. मी खोटं बोललो."

बहिणीनं भाकरी माझ्या ताटात टाकली. "सांगायला लई लवकर सुचलं की रं दादा! जेव. मग बघायचा. समद्यांनी."

भाचीनं टीव्हीवर पिक्चर लावला. एका ठिकाणी तो मुखवटेवाला भर उन्हात बसथांब्यावर नुसता उभा असतो. करत काहीच नाही. पिक्चरमधली पोरगी त्याच्यासमोरनं चालत जाते, थांबते, मागं वळून बघते.

"हितं बघ," बहीण म्हणाली. "रक्त दावलं असतं तर इसरले असते. ती मागं वळून बघती म्हणून जगती. ह्याच्यानंतर उसाच्या वाटंनं जाताना मी कवा भ्याले न्हाय. वळून बघायचं आणि चालायचं."

पिक्चर गाजला तो उगाच नाही. हे मी आता छातीठोक सांगतो, कारण शेवटची पाटी येईपर्यंत उघड्या डोळ्यांनी पाहिला. अंगाला घाम फुटला, पण उठलो नाही.

पिक्चर अर्ध्यात असताना मुखवटेवाला पुन्हा दिसला, तशी भाची उठली. "पाणी आणते."

"बस खाली," बहीण म्हणाली. इतकी मोकळी हसताना मी तिला कधी पाहिली नव्हती. "आज चपला राखायला कुणी जायचं न्हाय."