डोळे मिचकावा, पाकीट घ्या

अंगणवाडीत एक किस्सा घडला की त्याच्यामागे दुसरा येऊन उभाच. त्यात या महिन्यापासून मोबाईलला चेहरा दाखवल्याशिवाय आहाराचं पाकीट नाही. परवा महिना संपतो, माझ्या यादीत एक नाव बाकी, आणि मी तुमच्याशी गप्पा मारत बसलेय.

ते नाव सरिताचं. चार महिन्यांचं लेकरू अंगावर पितं तिच्या. आधारच्या फोटोशी तिचा चेहरा कालपर्यंत तीनदा जुळला नाही. महिना संपला की तिचं पाकीट गेलं.

*

पहिल्या दिवशी अर्धं गाव बघायला. मोबाईल म्हणतो, डोळे मिचकावा. एक नवी सून, पोटुशी, डोईवर पदर, समोर कडुनिंबाखाली सासरा. ती ढिम्म. मी म्हटलं, "अगं, मिचकव ना."

"मामाजी समोर बसून हायेत, मी डोळा कायले मारू?"

सासऱ्याला झाडाच्या खोडाकडे तोंड करून बसवलं, तेव्हा तिला पाकीट मिळालं.

*

केशोरीकडच्या आमच्या गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर. तिथं बायका ओळीनं उभ्या केल्या, कडेवर लेकरं. सायकलवरचे एक आजोबा थांबले. "वरात आली का जी?"

आमची मदतनीस शांताबाई म्हणाली, "हो जी, नवरदेव मोबाईलात अटकून राहिला."

*

भाताची रोवणी सुरू झाली आणि बायका दिवसभर चिखलाच्या बांधीत. मी बांधाबांधानं हाका मारत फिरतेय. इंदू पाळीवर आली ती कपाळापर्यंत चिखलानं माखलेली. म्हटलं, आता हिचं काय जुळतं? तर एका झटक्यात जुळलं!

इंदू म्हणाली, "लय हुशार हाय जी हा. माह्या नवऱ्यानं तर मी आवाज दिला तवा ओळखलं."

सरिता दरवेळी तोंड धुऊन येते, आणि तिचं जुळत नाही. माझं डोकं फिरायची वेळ आली.

*

मागच्या महिन्यात सहीवर पाकीट मिळायचं. तेव्हा तालुक्याहून मॅडम तपासायला आल्या. त्यांना सरिताच्याच घरी नेलं. मॅडमनी विचारलं, "पाकीट किती दिवस पुरतं?"

सासू म्हणाली, "एक सांज."

"अहो, सुनेसाठी महिन्याचं आहे ते."

"घरात सात जण हावो जी. तिनं खावं अन् आमी तोंड पाहावं का?"

सरिता चुलीपाशी लेकराला पाजत बसली होती. मला सासूचा राग आला. मग सासूच्याही हातांच्या काड्या पाहिल्या आणि राग धड टिकला नाही.

*

आज सकाळी सरिताला चौथ्यांदा पाळीवर नेलं. पदर काढ, केस मागे घे, टिकली काढ, उजेडाकडे तोंड कर. नाहीच जुळलं. मी चिडलेच. तिचं आधारकार्ड हातात घेतलं. फोटोत गुबगुबीत गालांची, हसरी पोरगी.

"खरं सांग, हा फोटो तुझाच ना गं? का बहिणीचा लावलास?"

तिनं फोटो बराच वेळ पाहिला. लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मीच आहो, बाई. तवा मी माहेरी होती."