ठासणीच्या बंदुकीचे तीन बार

खांद्यावर बंदूक टाकून आरोपी स्वतःच्या पायाने ठाण्यात चालत आलेला मी उभ्या नोकरीत एकदाच पाहिला. तो दिवस अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. गारगोटीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. निवडणूक लागली होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा दंडक. आमच्या हद्दीत पिकाच्या राखणीसाठी बऱ्याच शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. नळीत वरून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचे, मग मागे टोपी बसवून घोडा ओढायचा. एक बार काढला की पुन्हा पहिल्यापासून सगळे.

त्या दिवशी सकाळी एका गावचा पुढारी हाताला पट्टी बांधून फिर्याद द्यायला आला. आदल्या दुपारी शेजारच्या शेतकऱ्याने वाटेच्या भांडणावरून तीस पावलांवरून आपल्यावर तीन गोळ्या झाडल्या, दोन हुकल्या, एक दंडाला लागली, असे त्याचे म्हणणे. सोबत पुतण्या आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असे दोन साक्षीदार, भोक पडलेला रक्ताळलेला टेरिकॉटचा शर्ट आणि खाजगी दवाखान्याचा कागद. मी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. जीप काढायला सांगणार, इतक्यात साठीच्या घरातले एक आबा बंदूक घेऊन दारात उभे.

"पावणं, बंदूक जमा करायची हाय. कुटं ठेवू?"

ठाणे अंमलदाराने नाव विचारले आणि वहीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले. आरोपी तोच होता. मी तिथेच त्यांना ताब्यात घेतले. गुन्हा करून कोणी दुसऱ्या दिवशी हत्यार घेऊन सहा मैल चालत येतो का, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. पडला नाही, हे कबूल करतो. उलट 'आरोपी तासाभरात हत्यारासह जेरबंद' असे मनातल्या मनात लिहूनही झाले होते.

आबा कोठडीत गेले, पण त्यांची काळजी निराळीच. "साहेब, मला ठेवा हवं तर. पर भात पिकलंय, डुकरं येत्यात. म्हातारी एकटी काय करणार? चार दिसांत शेत साफ हुईल की."

मी म्हणालो, "आबा, शाबीत झालं तर चार दिवस नाही, दहा वर्षं जातील."

त्यावर ते बोटांवर वर्षे मोजू लागले. ते मोजणे माझ्या मनातून जाईना.

आमच्या ठाण्यात एक थोरले हवालदार होते. मुख्यालयाच्या शस्त्रागारात दहा-बारा वर्षे काढलेला माणूस. बंदुकीचा पंचनामा करताना त्यांनी गजाला पांढरी चिंधी गुंडाळून नळीत घातली आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरली. चिंधीवर तेल होते, काजळी नव्हती. "साहेब, काळ्या दारूचा बार काढला की नळी तव्यासारखी होती. हिनं औंदा तोंडच उघडलेलं न्हाय."

"रात्री धुतली असेल," मी म्हणालो. कोर्टात सरकारी वकील हेच म्हणणार होता.

दुसऱ्या दिवशी गारगोटीचा बाजार होता. त्या गावची एक भाजीवाली मावशी आमच्या एका शिपायाच्या ओळखीची. पेंढ्या बांधता बांधता, वर न बघता ती त्याला म्हणाली, "त्या दुपारी मी शेजारच्याच बांधावर गवात कापत होते. बार वाजलाच न्हाय बघ. ठासणीचा बार निघाला की पल्याडच्या वाडीतली कुत्री भुंकत्यात. माझं नाव घिऊ नगा म्हंजे झालं. आमाला त्याच गावात ऱ्हायाचं हाय."

शिपायाने ते येऊन सांगितले आणि मी पहिल्यांदा ती फिर्याद नीट वाचली. अरे, ही फिर्याद नव्हेच, हा सिनेमा! गोळ्या ठो ठो ठो सुटतात, धूर नाही, माणूस उडून लांब पडतो आणि शर्टाला सुपारीएवढे एकच गोल भोक पडते.

मला राग आला, तो आधी माझा मलाच. कारण हे मला कळायला हवे होते. आमच्या कोल्हापूरच्या माणसाला सिनेमाचे वेड उपजतच, मीही त्यातलाच. प्रशिक्षणात पहिल्यांदा रायफल हातात आली तेव्हा मीही पडद्यावरच्या हिरोच्या थाटात उभा राहिलो होतो. दस्त्याचा असा दणका बसला की खांदा तीन दिवस सुजून होता आणि कानात संध्याकाळपर्यंत शिट्टी वाजत होती. पडद्यावरच्या हिरोचा खांदा कधी सुजत नाही, कान कधी बसत नाहीत आणि सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून वीस निघाल्या तरी कोणी मोजत नाही. पण फौजदाराने मोजायला नको का?

दोन्ही साक्षीदारांना बोलावून वेगवेगळे बसवले. हात उगारायचा नाही आणि आवाजही चढवायचा नाही, असे सगळ्यांना बजावले. आधी पुतण्या. हवालदारांनी रिकामी बंदूक त्याच्या हातात दिली.

मी म्हणालो, "आबांनी कशी झाडली, तेवढं करून दाखव."

गड्याने बंदूक कमरेला लावली, एक पाय पुढे टाकला. "असं हुबं ऱ्हाऊन, साहेब. ठो! ठो! ठो!"

"आणि दोन गोळ्यांच्या मधे काय केलं?"

"काय न्हाय. नुसता घोडा वढत गेला."

"धूर किती झाला?"

"गोळीला कुठला धूर वो?" तो हसला.

गावात व्हिडिओ सेंटर होते. हा रोजचे गिऱ्हाईक असणार, हे मला सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. हवालदारांनी नळीखालचा गज काढून त्याच्यापुढे धरला. "हे कशाला असतंय, पावणं?"

"साफसफाईला."

मग मी ड्रायव्हरलाही आत घेतले आणि दोघांसमोर हवालदारांना बंदूक भरायला लावले. दारूऐवजी चुलीतली राख आणि छर्ऱ्यांऐवजी ज्वारी. मी मनगटावरचे घड्याळ बघत होतो. इतका हात बसलेला माणूस, तरी पावणेदोन मिनिटे लागली.

"आता सांगा," मी म्हणालो, "तिसऱ्या गोळीपर्यंत तुमचा मालक तिथं काय करत थांबला होता? तंबाखू मळत?"

मी शर्ट टेबलावर पसरला. "ठासणीच्या बंदुकीत गोळी नसते बाबा, छर्रे असतात. तीस पावलांवरून ते सुपाएवढे पसरतात. चाळण झाली पाहिजे. इथं एकच भोक, आणि त्याची कड वितळून कडक झालेली. हे कशानं पाडलं?"

ड्रायव्हरने हात जोडले. "साहेब, माझी ल्हान ल्हान पोरं हायत. मालकानं पढवलं तसं बोललो. मालक मोटारसायकलवरनं कुंपणाच्या तारंवर पडला वो. भोक उदबत्तीनं पाडलंया."

आबांच्या शेतातून पुढाऱ्याला ट्रॅक्टरची वाट हवी होती आणि आबा देत नव्हते. ते आत गेले की वाट मोकळी, एवढाच हिशोब. त्याच दुपारी सरकारी डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम तपासली. तारेचा लांबट चिरा, छर्ऱ्याचे नावही नाही. भाजीवाल्या मावशींचे नाव मी कुठेच येऊ दिले नाही, त्याची गरजही पडली नाही. पुढाऱ्यासाठी वरून फोन बरेच आले. मी प्रत्येकाला एकच सांगितले, "साहेब, बंदूक ठाण्यात आहे. या आणि दोन मिनिटांत तीनदा भरून दाखवा." कोणी आले नाही. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल कोर्टात गेला, आबा सुटले आणि पुढाऱ्यावर खोट्या फिर्यादीचा खटला उभा राहिला. माझ्या पोलिसी आयुष्यात मला छाती फुगवून सांगावेसे वाटते ते हे काम, आणि त्यातला मोठा वाटा त्या हवालदारांच्या पांढऱ्या चिंधीचा आहे.

निवडणूक आणि कोर्टाचे सोपस्कार उरकल्यावर आबा बंदूक न्यायला आले. भात निम्मे डुकरांनी खाल्ले होते. म्हातारीने पत्र्याचा डबा बडवून निम्मे राखले होते. मी त्यांची माफी मागितली. फौजदाराने माफी मागावी हे त्यांना रुचले नसावे, ते उगीच बंदूक पुसत बसले.

"आबा, सालात किती बार काढता?"

"येक. लई झालं तर दोन. ते बी आभाळात. डुकराला आवाजच बास की." मग माझ्या कमरेकडे बघून म्हणाले, "तुमची कवा वाजली का, साहेब?"

"माणसावर नाही."

"मग झ्याक हाय. वाजवायला काय, कोण बी वाजवंल."

निवृत्तीच्या दिवशी मुख्यालयात रिव्हॉल्व्हर जमा केले. सरावाच्या सोडून माझ्या नावावरच्या सगळ्या गोळ्या शाबूत निघाल्या. कारकुनाने गमतीने विचारले, "साहेब, एकबी न्हाय उडवली?" नातवंडे टीव्हीसमोर बसून आजही हेच विचारतात आणि उत्तर ऐकून त्यांची तोंडे उतरतात. माझे उतरत नाही. त्या दिवशी कारकुनाच्या वहीवर सही करताना मला आबा आठवले. त्यांच्यासारखाच मीही हत्यार घेऊन चालत आलो होतो, आणि कोणी नळीत चिंधी घालून पाहिली असती तर तीही पांढरीच निघाली असती.