दुप्पट रुंदीचा लाडू

आईने बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आपापल्या परीने कारणं शोधली. कुणाला वाटलं हिला अंगणवाडीत लागायचंय, कुणाला वाटलं पुढच्या निवडणुकीत उभी राहणार. "काहून गं, या वयात दहावी?" असं तोंडावर विचारणाऱ्याही होत्या. आईचं उत्तर ठरलेलं. "मला पास व्हायचंय."

एवढंच खरं होतं. शाळेत असताना ती दहावीला फक्त गणितात राहिली होती. बाकीचे सगळे विषय सुटले होते. पण निकाल लागला आणि आजीने स्थळ बघायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसायचं आईच्या मनात होतं, त्याआधीच तिच्या अंगाला हळद लागली. "पोरीचं डोकं चालत न्हाई," हे आजीचं वाक्य माहेरच्या भांड्यांबरोबर सासरी आलं आणि भांड्यांपेक्षा जास्त टिकलं. कापसाच्या वजनात कुणाचं चुकलं तरी घरातले आधी आईकडे बघायचे. तिला ते लागायचं. मला लहानपणापासून ते दिसायचं आणि राग यायचा.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी हिंगोलीला बीएस्सी करत होते, रोज एसटीने जाऊन-येऊन. माझा स्वभाव मुळात मास्तरकीचा नाही. एकदा सांगितलं की समोरच्याला कळलंच पाहिजे, असं मला वाटतं. आणि आई 'काहून' विचारल्याशिवाय एक ओळ पुढे सरकत नसे. आम्हा दोघींचं कसं जमायचं ते देवालाच ठाऊक.

बीजगणित कसंबसं पार पडलं. भूमितीच्या शेवटच्या धड्याचं नाव 'महत्त्वमापन'. ते वाचूनच आई म्हणाली, "नावच एवढं मोठं, तर आत काय असंल!" आत वर्तुळ होतं, वृत्तचिती होती, शंकू आणि गोल होता. परीघ काढायचा तर व्यासाला बावीस सप्तमांशाने गुणायचं, असं मी सांगितलं. तिने विचारलं, "बावीसच काहून? एकवीस काहून न्हाई?"

मी वैतागून सुतळीचा गुंडा तिच्यापुढे टाकला आणि म्हटलं, मोजून बघ.

तिने खरंच मोजलं. परातीभोवती सुतळी गुंडाळली, तेवढीच कापली आणि परातीवर आडवी टाकून बघितली. तीनदा बसली आणि थोडा तुकडा उरला. तव्याला तसंच, पाण्याच्या टाकीला तसंच. टाकीला उरलेला तुकडा मोठा होता, तव्याचा लहान, पण दर वेळी व्यासाच्या सातव्या हिश्शाएवढाच. मग तिला चैन पडेना. ट्रॅक्टरचं चाक झालं, पिठाचा डबा झाला, शेवटी चुलत्यांच्या मळ्यातल्या विहिरीभोवती ती दोरी घेऊन फिरताना दिसली. मेंढरं घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याने थांबून विचारलं, "बाई, विहीर इकून राहिले का?"

"न्हाई बाबा, अभ्यास करून राहिले," आई म्हणाली. म्हातारा बराच वेळ काठीवर रेलून तो अभ्यास बघत उभा राहिला.

मी पायची ही बावीस सप्तमांश किंमत शाळेत पाठ केली होती आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. ती खरी आहे की नाही हे तपासावं, असं मला कधी सुचलं नव्हतं. आईला मात्र त्या उरलेल्या तुकड्याचं केवढं अप्रूप! मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला, हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "आता गोल शिकव."

गोल काही केल्या तिच्या डोक्यात उतरेना. सूत्र पाठ होतं. चार तृतीयांश पाय आर घन. पण त्रिज्येला त्रिज्येने एकदा नाही, तीन जागी लिहून का गुणायचं, हे तिला पटत नव्हतं, आणि चार ताव खर्चूनही मला पटवून देता येत नव्हतं.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या शेजारच्या पोरीचं लग्न निघालं. आमच्याकडे नवरीकडच्या बायका रुखवत मांडतात. त्यात शेव, चकल्या, करंज्या असतातच, पण सगळ्यांचे डोळे असतात मोठ्या लाडवावर. दोन सारख्या कढयांत बुंदी दाबून भरायची आणि दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवायचे. मागच्या वर्षीच्या लग्नात नारळापेक्षा थोडा मोठा लाडू झाला होता, त्याला एक डबा बुंदी लागली होती. या खेपेला बायकांनी ठरवलं की लाडू दुप्पट रुंदीचा करायचा, वरपक्षाने तोंडात बोट घातलं पाहिजे. दुप्पट रुंद म्हणजे दुप्पट बुंदी. दोन डबे. कुणालाच शंका आली नाही. आईनेही मान डोलावली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दुप्पट रुंदीच्या कढया आणल्या, दोन डबे बुंदी त्यांत ओतली, आणि कढया अर्ध्यासुद्धा भरल्या नाहीत. मग जे व्हायचं तेच झालं. बुंदी तळणाऱ्या मावशी म्हणाल्या, पोरांनी खाल्ली. पोरांच्या आया म्हणाल्या, तळतानाच कुणाच्या तरी पदरात गेली. नवरीची आई रडकुंडीला आली. एवढ्या गोंधळात आई उठली, मागच्या वर्षीची लहान कढई घेतली आणि नळावर गेली.

लहान कढई पाण्याने भरून ती मोठीत ओतू लागली. मी बाजूला उभी. दोन झाल्या, चार झाल्या, मोठी कढई अजून अर्धीच होती. आठवी ओतली तेव्हा पाणी काठाला आलं.

आई तशीच ओल्या हातांनी उभी राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "रुंदी दुप्पट झाली, लांबी दुप्पट झाली, अन् खोली बी दुप्पट झाली. दोन दुणे चार, चार दुणे आठ. तीनदा गुणायचं ते ह्याच्यासाठी व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

ती तेवढ्यावर थांबली नाही. बायकांत जाऊन म्हणाली, "बुंदी कुणी चोरली न्हाई. आपलं गणित चुकलं, माझंबी. पोटाला आठपट लागती, सालीला चारपटच लागंल. पोट दुसऱ्या कशानं भरू." मागच्या परसातून चांगला गोल भोपळा आणवला. उरलेल्या बेसनाची थोडी बुंदी पाडली, पाक घट्ट केला आणि भोपळ्यावर बोटभर जाडीचा थर थापून घेतला. मी पुस्तकात पृष्ठफळ आणि घनफळ शेजारी शेजारी बघितलं होतं. पृष्ठफळाची वाढ घनफळाच्या मागे राहते याचा असा उपयोग करावा, हे सुचायला डोकं लागतं. आणि आईचं डोकं काय चाललं त्या दिवशी!

वरपक्षाच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी लाडू फोडला तेव्हा मांडवात हशा पिकला. "भोपळा दिला गं आमाला!" म्हणत त्यांनी नवरीकडच्यांची यथेच्छ टिंगल केली, नवरीकडच्यांनी ती दुपटीने फेडली. नवऱ्याच्या आत्याने विचारलं, "हे कुणाचं डोकं?" सगळ्या जणींनी आईकडे बोट दाखवलं. आईने पदर तोंडाला लावला, पण ती खूप खूश होती.

मार्चमध्ये ती जीपने सेनगावला पेपरला गेली. गणवेशातल्या पोरांनी तिला वर्गावरची बाई समजून उठून नमस्कार केला. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, "मला आलं तेवढं लिवलं." उन्हाळा तिने कापसाच्या पऱ्हाट्या उपटण्यात काढला. निकालाचं नाव काढलं की विषय बदलायची. तिला भीती वाटत होती, आणि मलाही.

निकाल माझ्या मोबाईलवर आला. मराठीत भरपूर मार्क होते, गणितात जेमतेम, पण पास. आईने पडदा जवळ नेऊन पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "माझ्या मायला फोन लाव."

आजी कनेरगाव नाक्याजवळ मामाकडे असते. तिला कमी ऐकू येतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"माय, मी गणितात पास झाले," आई ओरडून म्हणाली.

पलीकडून आजीचा रडका आवाज आला. "मंग तवा आमी घाईच केली का गं, माय?"

मला वाटलं आई म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. माझी आई सगळ्यांना तसंच म्हणते.

"व्हय माय, केली," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिने विचारलं, "जेवलीस का?"