वाद गावातच मिटतात

पाणी सोडणाऱ्या दगडूकाकांचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. आदल्या दिवशी खालच्या आळीला दहा मिनिटं जास्त पाणी गेलं, म्हणून वरच्या आळीतल्या चौघांनी त्यांना व्हॉल्व्ह फिरवायच्या लोखंडी चावीनेच झोडपलं होतं. मी विद्यापीठाच्या संशोधनासाठी 'स्थानिक व्यवस्थापना'ची माहिती गोळा करत फिरत होतो. पाणी, शाळा, दवाखाना, दूध संस्था, सगळ्यांना प्रश्नावली एकच.

"गावातले वाद गावातच मिटतात का?" मी वाचून दाखवलं.

"मिटतात की," काका म्हणाले. "माझ्या अंगावर मिटतात."

उत्तराला चौकटी दोनच होत्या, हो आणि नाही.

तेव्हापासून 'व्यवस्थापन' हा गुळगुळीत शब्द ऐकला की मला हाडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. शाळेत भात करपला की स्वयंपाकीणबाईंच्या अंगावर ताट भिरकावलं जातं. लस संपली की आशाताईला दारातून ढकलून देतात. प्रत्येक खात्यात मार खायला असं एक अंग नेमलेलं असतं. गावाचा राग त्याच्यावर निघाला की आपण अहवालात लिहितो, सर्व सुरळीत. ते लिहिणारा हातही मारणाऱ्यांचाच असतो.

"काका, मी 'नाही' लिहितो. मारहाणही लिहितो," त्या दिवशी मी म्हणालो.

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"'हो' लिही, शहाण्या. तू चारच्या एसटीने जाशील. मला उद्या सकाळी त्यांच्याच दारात उभं राहायचंय."

मी 'हो'वर खूण केली.