कारल्याचं पाणी

माझा थोरला भाऊ विजयकुमार आखाडा बाळापूरला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो, आणि घरी आला की आम्हाला अक्कल शिकवतो. मला तो आवडत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.

पेशीचा पडदा त्याला तोंडपाठ. पडद्याच्या ज्या बाजूला मीठ जास्त, तिकडे पाणी आपसूक ओढलं जातं, पेशीला त्यासाठी काडीची ताकद लागत नाही, हे तो फळ्यावर बाण काढून ऐटीत सांगतो. जणू पाण्याला वाट यानंच दाखवली.

आमची शेती शिरड शहापूरला, पीक हळदीचं. त्यातला अर्धा एकर माय बेण्यासाठी राखते. तिच्या लग्नापासून तेच वाण. गेल्या भादव्यात शेजारच्या भीमराजची हळद कमरेएवढी झाली आणि दादाच्या पोटात दुखायला लागलं. सुट्टी काढून तो आला आणि बेण्याच्या वाफ्यांना पाण्यात विरघळवलेलं खत मुळाशी ओतलं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौपट. माय नको म्हणत होती. तुला काय कळतं, म्हणून त्यानं तिला गप्प केलं.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा जळाल्या. जमीन ओली, तरी झाडांनी माना टाकल्या. करपा पडलाय, असं सांगून दादा फवारणीचं औषध आणायला निघाला.

मायनं त्याला थांबवलं. भाजीसाठी मीठ लावून ठेवलेल्या कारल्याच्या फोडी तिनं त्याच्यापुढे आणल्या. फोडी मऊ पडल्या होत्या, ताटलीत पाणी सुटलं होतं.

"हे पाणी म्या घातलं न्हाई," ती म्हणाली. "मिठानं फोडीतून ओढलं. तुह्या खतानं मुळ्यायचं बी असंच ओढलं. पोरायला हेच शिकवून राहिलास ना?"

दादानं गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. मला फार बरं वाटलं, लपवत नाही.

मायनं चर खोदून दोन दिवस नुसतं पाणी सोडलं, खत धुऊन काढलं. चार वाफे सावरले. बाकी बेणं गेलं.

दादा आता वर्गात कारल्याचं उदाहरण देतो. आपल्यालाच सुचलं म्हणतो, असं त्याच्या क्लासला जाणाऱ्या पुनमनं मला कौतुकानं सांगितलं.

जेठात लागवडीला बेणं कमी पडलं. भीमराजकडे मागायला कोण जाणार, तर दादाला क्लास होता. मायनं टोपली उचलली. मी ती हिसकावून दादाच्या गाडीच्या हँडलला अडकवली.

दादा जागचा हलला नाही. मायनं टोपली काढून घेतली आणि भीमराजच्या घराकडे चालू लागली.