घटस्थापनेची नांगरट

आमच्या घरात शेतीचं नाव काढलं की बाबांच्या कपाळाला आठी पडायची. बालाजी घाटावर यजमानांची श्राद्धं आणि अभिषेक करत आलेलं आमचं मराठी घर. गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढे, पणजोबांना दानात मिळालेला एक जमिनीचा तुकडा होता, पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. दादाने बघितलं. पौरोहित्याचं सगळं शिक्षण घेऊन त्याने घाटावर बसायला साफ नकार दिला आणि रोज पूल ओलांडून शेतावर जायला लागला. संध्याकाळी तो चिखलाच्या पायांनी आला की बाबा म्हणायचे, "या, हलधर महाराज!"

जमिनीत अर्धा वाटा पुण्याच्या काकांचा. ते तिथून उंटावरून शेळ्या हाकायचे. एकदा फोनवर त्यांनी निकाल देऊन टाकला, "यंदाचा मका चांगला आला तर जमीन ठेव. नाहीतर विकून मोकळे होऊ." दादाचं शेतकरी राहणं त्या एका पिकावर आलं.

पावसाळ्यात त्याने सोयाबीन घेतलं होतं. तो सगळा भाताचा मुलूख, त्यामुळे शेजारचे हसायचे. "धान छोड़ के ई का बोवत हउवा, पंडीजी?" तरी सोयाबीन बरं आलं. आता त्याच शेतात थंडीचा मका घ्यायचा होता, आणि तोही पट्टा मशागत करून. मी शाळेत शिकवते, मला मातीतलं ओ की ठो कळत नाही, पण दादाने जेवणाच्या ताटात भाताच्या ओळी करून मला ते समजावलं होतं. सगळं शेत उलथायचं नाही. जिथे बी पडणार तेवढीच वीतभर पट्टी फाडायची, खत तिच्याच पोटात घालायचं. मधल्या जागेत सोयाबीनचं काड तसंच राहू द्यायचं, म्हणजे ओल टिकते. पट्टी बसायला थोडे दिवस द्यायचे, मग पेरायचं. अडचण एकच, वेळेची. मातीला वाफसा हवा. मुठीत दाबलेला गोळा खाली टाकला की फुटला पाहिजे. ओल्या जमिनीत फाळ घातला तर पट्टीच्या दोन्ही बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, उन्हाने भिंतीसारख्या कडक होतात, आणि मुळं अडकतात.

सोयाबीन निघालं आणि छान वाफसा आला, तो नेमका पितृपक्षात. पट्टी फाडायचं यंत्र शेतकी केंद्रात एकच होतं आणि आमची पाळीही तेव्हाचीच होती. दादाने घरात तसं सांगितलं. बाबा दिवसभर पिंडदानं करून दमून आले होते. मला वाटलं, नेहमीसारखे चिडवतील. ते पंचांग घेऊन बसले.

"पितृपक्षात नवं यंत्र मातीला लावतात का रे? घटस्थापनेला सकाळी उत्तम मुहूर्त आहे. मी स्वतः येतो पूजेला."

दादा बरं म्हणाला. बाहेर आल्यावर मी त्याच्यावर उखडले. "सांग ना त्यांना, जमीन कुणाचा इंतजार करत नाही म्हणून!"

"छोटी, बाबा पहिल्यांदा शेतावर येतायत," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला पुढे बोलवेना. त्याने केंद्रात हातापाया पडून पाळी पुढे ढकलून घेतली. घटस्थापनेच्या संध्याकाळी यंत्र दुसऱ्या तहसिलीत जाणार होतं.

सूर्य हस्तात गेला होता. इकडे त्याला हथिया म्हणतात, आणि हथिया जाता जाता बदडून जातो हे शेंबडं पोरही सांगेल. बाबांच्या पंचांगात तेही छापलेलं होतं. पाऊस आला, दोन दिवस कोसळला, आणि घटस्थापनेला लख्ख ऊन पडलं.

बाबा सोवळं नेसून बांधावर उभे राहिले. "बघ, देवाने उघाड दिली." दादाने माती उचलून दाबली आणि खाली टाकली. गोळा फुटला नाही. त्याच्यावर बोटांचे ठसे मला दिसत होते. बाबांनी फाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा दादाच्या हातावर ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. दादाने खोबरं तोंडात टाकलं आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "चलाओ."

मका उगवला, गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडला. दादाने मक्याचं एक रोप उपटून दाखवलं. मुळं पट्टीच्या भिंतीला थडकून वळली होती, पट्टीतल्या पट्टीतच लांबत गेली होती. माघात पछुआ, पश्चिमेचा कोरडा वारा, सुटला आणि उरलेलं सगळं आडवं झालं. काकांनी गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं.

बाबांना खरं कारण आजही माहीत नाही. दादाने मला शपथ घातली आहे. मला बाबांचा राग येतो, दादाचा त्याहून जास्त येतो, आणि तो घेऊन कुठे जायचं हे समजत नाही.

पुढच्या पितृपक्षात मी घाटावर चहा घेऊन गेले, तेव्हा दादा बाबांच्या शेजारच्या पाटावर बसला होता. समोर वाशीमकडचे एक गृहस्थ वडिलांचं श्राद्ध करत होते. पिंड वळता वळता ते सांगत होते, सोयाबीन निघालंय, रान अजून ओलं आहे, फाळ घालावा की थांबावं, काही सुचत नाही. मग स्वतःच ओशाळं हसले.

"तुम्हाला काय सांगतोय मी! तुम्हाला शेतीतलं काय कळणार, गुरुजी."

"नाही, मला नाही कळत," दादा म्हणाला. "उजव्या हातात पाणी घ्या."