तांब्याभर पाणी

माझं अक्षर वाकडं आहे आणि लिहिण्यात चुका होतील, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. आता जे लिहिते आहे ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. आत्ताही दाराला कडी घालून बसले आहे.

आमच्या बचत गटात गेवराईकडची एक बाई केस धुवायची क्रीम घेऊन आली होती. शाम्पूऐवजी लावायची. फेस आणणारं सल्फेट नाही, म्हणून फेस येत नाही, केस कोरडे पडत नाहीत, असं ती म्हणाली. गावात विकायला मी घेतली. मला चार जणींत बोलता येत नाही. बायकांनी विचारलं, फेसच नाही तर डोकं स्वच्छ निघणार कसं? आणि मी बोलून गेले — फेस नाही म्हणून तर पाणी लागत नाही, तांब्याभर पाण्यात होतं.

उन्हाळा होता. टँकर चौथ्या दिवशी यायचा. त्या एका वाक्यावर नऊच्या नऊ बाटल्या गेल्या.

बाटलीवर मात्र लिहिलं होतं, भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे. मी ते वाचलं होतं. विकायच्या आधीच वाचलं होतं. मग कशाला बोलले? आणि बोलले ते बोलले, नंतर घरोघर जाऊन सांगायला काय झालं होतं?

त्यातली एक जाऊबाईंच्या रेखानं घेतली, एकोणीस वर्षांची. वेणी कमरेखाली. काकूनं, म्हणजे मी, सांगितलं म्हणून ती दिवसाआड तांब्याभर पाण्यात डोकं धुवायची. दोन महिन्यांत डोकं खाजायला लागलं, नखात पांढरा थर यायचा. मग केस जायला लागले.

आमच्याकडे विंचरताना निघालेले केस भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. केसवाली आली की त्यावर भांडं मिळतं. त्या खेपेला तिनं जाऊबाईंचा गुंतवळ हातावर तोलला आणि हसली. "एका घरचे व्हय गं एवढे? का शेजारणीचं बी डोकं भादरलं?" सगळ्या हसल्या. जाऊबाईंना पातेलं मिळालं. मी आत जाऊन चुलीपाशी बसले. मला उठताना कुणी बघितलं असेल का?

त्या दिवशी रेखानं हळूच विचारलं, "काकू, त्या क्रीमनं तर न्हाई ना?" मी म्हणाले, न्हाई बाई, टँकरमधल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं हाय ते.

शेवटी बीडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी पण गेले. काय निघतं याची भीती घरी बसू देईना. बाटली बघून त्या म्हणाल्या, क्रीम वाईटच आहे असं नाही, पण नीट धुतली नाही तर मुळाशी साचते, कातडी बिघडते. हिला मध्ये ताप येऊन गेला म्हणता, तर केस त्यानंही गेले असतील, नक्की सांगता येत नाही. मग विचारलं, पाणी किती घेत होतीस?

रेखा म्हणाली, तांब्याभर.

"एवढ्याशा पाण्यानं? कुणी सांगितलं?"

रेखानं माझ्याकडे बघितलं. मी खाली फरशीकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "मलाच वाटलं."

जाऊबाई सगळ्यांसमोर तिला बोलल्या. "एवढी घोडी झालीस, डोकं धुवायचं कळंना व्हय तुला?" घरी येईपर्यंत बोलतच होत्या. मी बसमध्ये त्यांच्या शेजारीच होते. नुसतं "मीच सांगितलं" एवढं म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत होते.

रेखाला औषध चालू आहे. केस थोडे आले आहेत, भांग अजून रुंद दिसतो. ती मला पहिल्यासारखीच काकू म्हणते. तिनं हाक मारली की वाटतं — आज बोलेल का? उद्या बोलेल का? ती बोलत नाही.

मी शेळी विकली आणि एकेकीचे पैसे माघारी दिले. कंपनीनं परत पाठवले, असं सांगितलं. कुणी खोदून विचारलं नाही. रेखाकडे जायला सगळ्यात उशीर केला. काल गेले. तिनं नोटा घेतल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कंपनी चांगली हाय, काकू."

मी हो म्हणाले. नऊ जणींचे पैसे फिटले.